हवेंतून प्रथिनें : शेतकऱ्यानें भ्यावें काय?

मका घरांत आला म्हणजे सिल्लोड, कन्नड व फुलंब्री तालुक्यांतील आमच्या शेतकरी बंधूंची नजर कोंबडीखाद्याच्या गिऱ्हाइकाकडे लागते. या खाद्यांत मक्यास सोयाबीनच्या पेंडीची जोड लागते. कारण मक्याच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें अमिनो आम्ल तोकडें पडतें. पेंड कमी घालावयाची झाल्यास लायसीनची भुकटी मिसळतात. ही भुकटी सूक्ष्म जंतूंकडून करवितात; परंतु त्या जंतूंस साखर चारावी लागते, व ती मका, ऊंस अशा पिकांचीच असते. म्हणजे जंतूही शेतकऱ्याच्याच दाण्यावर पोसले जातात.

आतां मात्र नवी वार्ता आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं ई. कोलाय या जंतूच्या आनुवंशिक रचनेंत फेरफार केले, व शरीरास लागणारा सर्व कार्बन त्यास कार्बन डायऑक्साइड वायूंतून घ्यावयास लाविलें. शरीर बनविणें म्हणजे अमिनो आम्लेंही बनविणें होय. मग आमच्या मक्यास व पेंडीस कोण विचारणार, अशी धास्ती वाचकांस वाटणें साहजिक आहे.

आमची हयात महसूल कचेरींत जमाखर्च ताडण्यांत गेली. म्हणून हेंही प्रकरण आम्हीं त्याच नजरेनें पाहिलें. जमेस वायु फुकट आहे, पण खर्चास शक्ति आहे. त्या जंतूस शक्तीसाठीं फॉर्मेट नांवाचा क्षार चारावा लागला, आणि त्यापायीं जंतूनें घेतला त्याहून अधिक वायु बाहेर पडला. भोंवतालच्या हवेंत तो वायु शेंकडा १० भाग ठेवावा लागला. आपल्या शिवारांतील हवेंत तो शेंकडा ०.०४ इतकाच असतो. एकाचे दोन जंतु होण्यास सुमारें १८ तास लागले. फॉर्मेट विजेच्या साह्यानें करतां येतें. परंतु विजेची किंमत विहिरीवर मोटार बसविलेल्यास सांगावयास नको. उलट सोयाबीनचें रोप तोच वायु सूर्यप्रकाशावर पचवितें, व मुळांवरील गांठींतले जंतु त्यास हवेंतील नत्र पुरवितात. सूर्याचें बिल कोणास येत नाहीं.

तथापि निश्चिंत राहणें बरें नव्हे. फिनलंडांत २०२४ सालीं हायड्रोजन व हाच वायु यांवर नैसर्गिक जंतु वाढवून वर्षास १६० टन प्रथिनयुक्त भुकटी करणारा कारखाना सुरू झाला. आज हा आंकडा लहान आहे. वीज स्वस्त होईल तसा तो वाढूं शकेल. गिऱ्हाईक पेंड घेतें तें प्रथिनांसाठीं, हें ओळखून आपल्या मालाचा कस वाढवावा, लायसीन अधिक असलेल्या मक्याच्या वाणांची माहिती घ्यावी, आणि सर्व रान एकाच पिकाच्या भरंवशावर टाकूं नये, एवढीच आमची विनंती आहे.