दार ठोठावण्याची शिक्षा

मे १९७४. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं एल्मायरा गाव. प्यायलेल्या दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. या दोघांनी नुकसान झालेल्यांना समोरासमोर भेटावं, असं परिवीक्षा अधिकारी मार्क यांत्झी यांनी सुचवलं. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. तरी न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल यांनी निकाल लांबणीवर टाकून त्यांना घरोघर पाठवलं. यांत्झी आणि त्यांचे सहकारी वही घेऊन बाजूला उभे. दार ठोठावायचं, गुन्हा कबूल करायचा, नुकसान किती ते विचारायचं, हे काम पोरांचं. (हे सोपं होतं असं कुणी म्हणू नये.) काही महिन्यांत भरपाई चुकती झाली.

पुढे ही कल्पना शाळांतही पोचली: दोषी आणि पीडित यांना समोरासमोर बसवणाऱ्या बैठका तिथे १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सुरू झाल्या.

त्याआधीच न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीनांसाठी ‘कुटुंब बैठक’ आणली होती. मुलगा, आईवडील, काका-आत्या, पोलीस आणि तयार असेल तर पीडितही त्यात एकत्र बसतात. तिथल्या मूळनिवासी माओरींच्या ‘व्हानाउ’ची, म्हणजे विस्तारित कुटुंबाची, छाप त्यावर स्पष्ट दिसते. खून आणि मनुष्यवध मात्र या बैठकीबाहेर.