हौद घेण्यापूर्वी गाळणी पाहावी

दिवाळीच्या पहाटे गरम पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला पोहण्याच्या हौदाच्या गोष्टी सांगू लागलो, तर तो हसेल. पण उन्हाळ्यातल्या खरेदीचा विचार थंडीतच करावा. चैत्र उजाडला की मुले हट्टाला पेटतात आणि दुकानात गर्दी उसळते. मग माणूस विचार करीत नाही; नुसते पैसे मोजतो.

हौद म्हणजे जमिनीवर उभा करायचा, नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या जाड प्लास्टिकच्या कापडाचा. खणायला नको, गवंडी नको. आमच्या नाशिकच्या घरामागल्या अंगणात गेले दोन उन्हाळे असा एक हौद उभा राहतो. व्यास १० फूट, पाणी २ फूट. घरात हा ठराव आला, तेव्हा सौ.ने एकच अट घातली : "अहो, हौद खुशाल आणा. पण त्याच्यासाठी एकही टँकर दारात येता कामा नये."

अट रास्त होती. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एवढ्या हौदात सुमारे ४,४५० लिटर पाणी मावते. पाच-सहा मुले दिवसभर डुंबली, तर तिसऱ्या दिवशी ते गढूळ व्हायचेच. दर तीन दिवसांनी ओतून नवे भरायचे म्हटले, तर दीड महिन्याच्या सुटीत पंधरा वेळा, म्हणजे जवळजवळ ६७,००० लिटर पाणी लागेल. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबाने हे पाच माणसांच्या कुटुंबाचे शंभर दिवसांचे पाणी झाले! उलट, तेच पाणी गाळून वापरले आणि उन्हाने रोज एक सेंटिमीटर उडते असे धरले, तरी वरून घालायचे ते रोज ७३ लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या. साऱ्या सुटीचा खर्च आठ-दहा हजार लिटरांत आटोपतो. तेव्हा पंप आणि गाळणी ही हौदाची चैन नव्हे. टंचाईच्या मुलखात हौद बाळगण्याची ती पहिली अट आहे.

आणखी एक हिशेब याच कागदावर झाला. ४,४५० लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. दर चौरस मीटरला ६०० किलोंहून अधिक! माणसांच्या वावराची साधी गच्ची आपल्याकडे चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास जादा भार धरून बांधतात. हा भार त्याच्या चौपट झाला. तेव्हा "गच्चीवर किती छान दिसेल!" असे कोणी म्हणाले, तर त्याला आधी इमारतीचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरकडे पाठवावे. हौदाची जागा सपाट, टणक जमिनीवर.

आता पंप. दुकानात गेलो, तर विक्रेते म्हणाले, "साहेब, एक हॉर्सपॉवरचा घेऊन टाका, काळजी मिटली." आपल्याकडे पंप म्हटला की हॉर्सपॉवर, हे समीकरण पक्के आहे, कारण आपला पंप जन्मभर तळटाकीतले पाणी गच्चीवर चढवीत असतो. हौदाच्या पंपाला चढ चढायचाच नाही. त्याने हौदातले पाणी ओढायचे, गाळणीतून ढकलायचे आणि परत हौदात सोडायचे. म्हणून येथे विचारायचा प्रश्न "किती हॉर्सपॉवर?" हा नसून "ताशी किती लिटर?" हा आहे.

उत्तर आपल्या हौदावर अवलंबून असते. गाळलेले पाणी परत न गाळलेल्यातच मिसळते. त्यामुळे हौदाइतके पाणी एकदा पंपातून गेले, तरी प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच गाळले जाते. दोन फेऱ्यांत ते ८६ टक्क्यांवर जाते. दिवसाकाठी दोन फेरे तरी हवेत. आठ तासांत दोन फेरे म्हणजे आम्हाला ताशी सुमारे १,१०० लिटर लागणार. खोक्यावर छापलेला आकडा गाळणी स्वच्छ असतानाचा असतो. ती मळली की ओघ मंदावतो. म्हणून थोडे वरचे, १,२०० ते १,५०० लिटरांचे माप धरावे. असा पंप एखाद्या जुन्या दिव्याइतकी, पन्नास-साठ वॉट वीज खातो. आठ तासांना अर्धे युनिट! एक हॉर्सपॉवरचा पंप तेवढ्याच वेळात सहा-सात युनिटे खाईल, आणि त्याचे लोखंडी अंग क्लोरीनच्या पाण्याने गंजेल ते वेगळेच.

शिवाय गाळण्याचे काम घाईचे नव्हे. आपण पातेल्यावर फडके धरून पाणी सावकाश ओतले, तर गाळ फडक्यात राहतो. बदाबदा ओतले, तर तोही पाण्याबरोबर पातेल्यात उतरतो. दांडगा पंप आणि नाजूक गाळणी यांचा संसार होत नाही. गाळणीवर तिला झेपणारा जास्तीत जास्त ओघ लिहिलेला असतो. पंप त्याच्या आतलाच घ्यावा.

गाळण्या मुख्यतः दोन जातींच्या. एक कार्ट्रिज : कागदाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या चुण्या घातलेली नळकांडी. ती काढून नळाखाली धुवायची आणि झिजली की बदलायची. दुसरी वाळूची. ही कल्पना जुनी आहे. १८०४ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी जॉन गिब यांनी वाळूतून गाळलेले पाणी गावाला पुरवले होते. हौदाच्या गाळणीत मात्र बांधकामाची वाळू चालत नाही. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या सारख्या दाण्यांची वाळू लागते. ती धुण्यासाठी पाणी उलटे सोडावे लागते. ताशी ४,००० लिटरांच्या पंपाने दोन मिनिटे म्हटले, तरी सव्वाशे लिटर गेले. पंधरा-वीस हजार लिटरांच्या हौदाला ती शोभते. आमच्यासारख्या लहान हौदाला कार्ट्रिजच बरी. मात्र ती आपल्या गावात सहज मिळते ना, हे आधी विचारावे आणि दोन जादा आणून ठेवाव्यात.

पाणी निवळशंख दिसले, की काम संपले असे मात्र नव्हे. गाळणी गाळ अडवते, रोगजंतू मारीत नाही. त्यासाठी क्लोरीन हवा, लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. त्याचा जोर टिकावा म्हणून पाण्याचा सामू, ज्याला पीएच म्हणतात, ७.२ ते ७.८ असावा. दोन्ही मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. उन्हाने क्लोरीन उडून जातो. म्हणून तो संध्याकाळी, मुले बाहेर आल्यावर घालावा आणि सकाळी पट्टी बुडवून पाहावी. हे काम आमच्या कन्येने अंगावर घेतले आहे. पट्टीचा रंग पसंत पडल्याखेरीज ती भावालाही पाण्यात उतरू देत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी आणि वीज यांची सोयरीक जपून करावी. पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. वायरमनकडून बसवून घ्यावा, अर्थिंग तपासावे, आणि मुले पाण्यात असताना पंप बंदच ठेवावा. आमच्याकडे तो रात्री आणि पहाटे चालतो. पाणी ओढणाऱ्या तोंडावरची जाळी जागेवर आहे ना, हे रोज पाहावे. तिथे केस अडकू शकतात. आणि दोन फूट पाणी म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. लहान मूल बुडते तेव्हा ओरडत नाही. पाण्यात मूल असेल तोवर मोठे माणूस शेजारी हवेच, तेही हातात मोबाईल न घेता. मुले बाहेर आली की शिडीही उचलून ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी हौद रिता करावा, नाहीतर डासांची वसाहत व्हायची. त्याआधी काही दिवस क्लोरीन घालणे थांबवावे, पट्टीवर तो दिसेनासा झाला की पाणी झाडांना द्यावे. सुटीभर मुलांनी वापरलेले पाणी जूनमध्ये आंब्याच्या आळ्यात मुरते, तेव्हा सौ.ची अट पुरी होते.