आंबट मण्यामागचा पंप

तासगावच्या बागेतला हिरवा, कोवळा द्राक्षमणी चावला की दात आंबतात. हे आम्ल पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने फुगलेल्या कोठीत साठतं. तिथला सामू ३ च्या आसपास, तर भोवतालच्या पेशीरसाचा ७ च्या; म्हणजे आम्लतेत सुमारे १०,००० पट तफावत! कोठीच्या पडद्यातला व्ही-एटीपेझ हा पंप एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून प्रोटॉन आत ढकलतो, म्हणून ही तफावत टिकते.

पंप शब्दशः फिरतो. ए आणि बी या तीन-तीन उपघटकांचं डोकं, मधोमध फिरणारा दांडा. ‘ई’ उपघटक जी नावाच्या जोडीदारासह डोक्याला तीन बाजूंनी आधार देतो, नाहीतर दांड्याबरोबर डोकंही गरगरेल. विहिरीवरची मोटर पक्की बसवलेली नसेल तर काय होतं, हे बागायतदाराला सांगायला नको.

प्रयोगशाळेत हा पंप ओळखायला याच ‘ई’ला चिकटणारं प्रतिपिंड वापरतात; ते सहसा सशात तयार करतात. प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत ‘ई’ची पट्टी साधारण २६ ते ३१ किलोडाल्टनला उमटते. वेगळा केलेला पडदा रिक्तिकेचाच आहे ना, हे त्यावरून तपासतात. पंप हजर आहे एवढंच ते सांगतं. तो चालू आहे की नाही, ते नाही.

मण्यात पाणी उतरलं की मॅलिक आम्ल घटतं, टार्टारिक बरंचसं राहतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत मुख्य आम्ल सायट्रिक. कोठी मात्र तशीच. अॅसिडिटीवरची ओमेप्रॅझोल गोळी रोखते तो जठरातला पंप मात्र या व्ही-एटीपेझहून निराळ्या कुळातला.