गोधडीचे थर आणि टाक्याची गाठ

जुन्या साड्यांची गोधडी हाताने धावदोऱ्यात शिवली की सपाट बसते. तीच मशीनवर घातली की मध्येच चुण्या पडतात, टाके सुटतात, खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते. दोष बहुतेक वेळा शिवणारीच्या हाताला दिला जातो आणि ते अन्यायाचे आहे. घरगुती मशीन दोन पातळ कापडे जोडण्यासाठी जुळवलेले असते. चार-पाच थरांची वाकळ आली की सगळीकडचे घर्षण बदलते आणि मशीनची जुळणी नव्याने करावी लागते.

एलियास होव यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत ज्याचे पेटंट घेतले, तोच दोन दोऱ्यांचा टाका आजही आपल्या मशीनवर पडतो. सुई तळाला जाते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली जाते. कापडाच्या पकडीमुळे दोरा तिच्याबरोबर वर येत नाही, सुईच्या पाठीशी त्याचा छोटा फास फुगतो. त्याच क्षणी शटलचे टोक त्या फासात शिरते आणि तो बॉबिनभोवती फिरवून आणते. सुई आणि टोक यांच्यात जेमतेम केसाच्या जाडीएवढे अंतर असते. जाड गोधडी सुईला चिकटून वर उचलली गेली तर फास तयारच होत नाही. गोधडीचा भार टेबलाखाली लोंबत असेल तर सुई किंचित वाकते आणि टोकाची वेळ चुकते. म्हणून मशीनच्या डाव्या अंगाला आणि मागे गोधडी टेकेल अशी जागा करावी.

सुई नवीन घालावी, १४ किंवा १६ नंबरची. पाकिटावर त्याशेजारी ९० किंवा १०० छापलेले असते, म्हणजे सुईची जाडी ०.९ किंवा १ मिलिमीटर. तिची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे हवी. दोरा बॉबिनभोवती नेण्यासाठी दर टाक्याला मोठा फास खाली खेचला जातो आणि बहुतेक सगळा परत वर ओढला जातो. त्यामुळे दोऱ्याचा एकच भाग टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा ये-जा करतो. नेढे अरुंद किंवा खरबरीत असेल तर दोरा पिंजतो आणि तुटतो.

आता टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध लपायला हवी. अडीच मिलिमीटरचा टाका अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या कापडात घातला तर वरचा दोरा सुमारे ३ मिलिमीटर लागतो. तीन मिलिमीटर जाडीच्या गोधडीत साडेपाच. शिवाय ती गाठ इतक्या थरांतून आत ओढायची असते. आधी बॉबिन केस दोऱ्याला लटकवून पाहावी: ती आपोआप घसरत जाऊ नये, हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबावी. मग वरची चकती फिरवावी. खाली जाळी दिसली तर वरचे टेन्शन कमी पडते आहे. पण त्याआधी दोरा पुन्हा ओवून बघा, आणि ओवताना कापड दाबणारा फूट वर असू द्या. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही.

चुण्यांचे कारण कापड सरकवणाऱ्या दात्यांत आहे. वर, मागे, खाली, पुढे अशी दात्यांची चौपदरी चाल ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये आणली. हे दाते फक्त तळाच्या थराला ढकलतात. वरच्या थराला फूट अडवून धरतो. पातळ कापडात हा फरक जाणवत नाही, गोधडीत दर टाक्याला साठत जातो. माथ्यावरचा स्क्रू सैल करून फुटाचा दाब कमी करावा आणि आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावेत. वरूनही दाते असलेला वॉकिंग फूट मिळाला तर उत्तमच. वेलबुट्टी काढायची असेल तर दाते खाली उतरवून कापड हाताने फिरवतात. तिथे टाक्याची लांबी हाताच्या वेगावर ठरते: मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने अडीच मिलिमीटरचा टाका हवा असेल तर हात सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकला पाहिजे.

जुन्या सुती साड्यांतून फार बारीक तंतू झडतात. ते शटलखाली साचून तेल शोषून घेतात, म्हणून दर बॉबिनला ब्रश फिरवावा. तेल मशीनचेच घालावे. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजते आणि शेंगदाण्याचे तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट होते. अशा तेलाने अडकलेली मशिने अनेक घरांत निकामी म्हणून पडून आहेत.

गोधडीला हात घालण्याआधी त्याच साड्यांचे तेवढेच थर घेऊन एक तुकडा शिवा. वर लाल, खाली पांढरा दोरा लावा आणि दोन्ही बाजू उजेडात नीट बघा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचे टेन्शन सैल करा, खाली लाल दिसले तर आवळा.