सणासुदीचा बाजार आणि सहकारी भांडार

सण हा आनंदाचा दिवस खरा. परंतु ज्या घरांत महिन्याचा पगार मोजून येतो, त्या घरांत सणापूर्वींचा पंधरवडा हिशेबाचा आणि बहुधा चिंतेचा असतो. एरवीं अर्धा किलो पुरणारा रवा त्या पंधरवड्यांत तीन किलो लागतो, तेलातुपाचें माप दुप्पट होतें, आणि नेमक्या याच वेळीं दुकानांतील भाव वर सरकूं लागतात. अशा वेळीं सहकारी भांडारें सणाची स्वस्त विक्री मांडतात, हळदीकुंकू करतात, गुणी मुलांस बक्षिसें देतात. व्यापारी दुकानदारही यांपैकीं पुष्कळ गोष्टी करतो. मग दोघांत फरक तो कोणता? या प्रश्नाचें उत्तर देण्याचा यत्न आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

मुंबईंत भोईवाडा हें नांव दोन ठिकाणीं आढळतें. एक भुलेश्वरानजीक व दुसरें परळ आणि नायगांव यांच्या लगत. आम्हांस येथें दुसऱ्याविषयीं बोलावयाचें आहे. या भागाच्या भोंवतीं एके काळीं कापडाच्या गिरण्यांचीं धुराडीं होतीं. १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें जवळच नायगांवांत बी. डी. डी. चाळी बांधल्या. चाळींतील एकेका खोलींत एक कुटुंब आणि गांवाकडून आलेले नातलग अशी दाटी असे. साठवणीस जागा नाहीं व हातांत रोकड नाहीं, अशा स्थितींत घरचें सामान वाण्याकडून उधारीवर येई. उधारीवर घेणाऱ्यास भावाची घासाघीस करण्याचें बळ उरत नाहीं, आणि मापांत किंवा मालांत खोट दिसली तरी त्याला दुसऱ्या दुकानीं जातां येत नाहीं. सणाचे दिवस आले म्हणजे ही उधारी अधिकच फुगे, व पुढचे कित्येक पगार ती फेडण्यांत जात.

ही अडचण कांहीं एकट्या परळ-भोईवाड्याची नव्हे. इंग्लंडांतील रॉचडेल या कापडाच्या गांवीं सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं कामगारांची हीच दशा होती. तेथें २८ जणांनीं, ज्यांत विणकर बरेच होते, प्रत्येकीं एक पौंड याप्रमाणें भांडवल जमविलें आणि २१ डिसेंबर १८४४ रोजीं एक लहानसें दुकान उघडलें. पहिल्या दिवशीं त्यांत लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. परंतु त्यांचे नियम मालापेक्षां मोलाचे ठरले. माल शुद्ध व माप पुरें असावें; व्यवहार रोखीचा असावा; ज्याचे भाग अधिक त्याला मतें अधिक असें न होतां प्रत्येक सभासदास एकच मत असावें; आणि खर्च भागून जो वाढावा उरेल तो ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें त्याला परत मिळावा. जगांतील ग्राहक सहकारी भांडारें आजही याच नियमांस आपला पाया मानतात.

आपल्या देशांत सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला, पण तो पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या संस्थांसही वाट मोकळी झाली. मुंबईंतील कामगारांस या वाटेची खरी निकड भासली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. धान्याची टंचाई झाल्यामुळें २ मे १९४३ पासून मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. युद्ध संपलें, स्वराज्य आलें, आणि डिसेंबर १९४७ मध्यें सरकारनें धान्यावरील नियंत्रणें उठविण्यास आरंभ केला. त्यासरशी भाव भडकले, आणि १९४८ च्या सप्टेंबरांत नियंत्रणें पुन्हां आणावीं लागलीं. या दोन निर्णयांच्या मधल्या महागाईच्या महिन्यांत, म्हणजे ९ मे १९४८ रोजीं, नायगांवांत गिरणीकामगारांनीं आपलें सहकारी दुकान काढलें. पुढें हीच संस्था मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ म्हणून नांवारूपास आली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर व १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झाल्यावर ग्राहक भांडारांस सरकारनेंही उत्तेजन दिलें. १९६८ सालीं नायगांवांतच संस्थेचें मोठें दुकान उघडलें, आणि ‘अपना बाजार’ हें नांव मुंबईकरांच्या तोंडीं बसलें.

आतां सणाच्या विक्रीकडे वळूं. सणाच्या वेळीं भाव कां चढतो? एक तर सर्वांस तीच वस्तु एकाच आठवड्यांत हवी असते. दुसरें असें कीं पीक एका ऋतूंत येतें व खप दुसऱ्या ऋतूंत होतो. हरभरा, गहूं आणि लाल मिरची साधारणतः फाल्गुन-चैत्राच्या सुमारास बाजारांत येतात. बेसनाची मागणी मात्र दिवाळींत वाढते. मधले सहा महिने जो माल सांभाळतो त्याच्या हातीं भावाची किल्ली असते. एकट्या कुटुंबास ती किल्ली लाभणें शक्य नाहीं. हजारों कुटुंबांनीं थोडें थोडें भांडवल एकत्र केलें म्हणजे ती त्यांच्या हातीं येते. सहकारी भांडाराच्या सणविक्रीचें मर्म हेंच होय.

हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट करूं. समजा, भांडारानें एप्रिलमध्यें हरभऱ्याची डाळ किलोस ८० रुपयांनीं घेतली. गोदामाचें भाडें, रकमेवरील व्याज आणि घट मिळून किलोमागें ४ रुपये लागले. म्हणजे डाळ ८४ रुपयांस पडली. दिवाळींत बाजारांत तिचा भाव १०० रुपये झाला व भांडारानें ती ९० रुपयांनीं विकली, तर सभासदाचे १० रुपये वांचले आणि भांडारास नोकरांचा पगार व इतर खर्च यांसाठीं ६ रुपये उरले. शिवाय समोर ९० रुपयांनीं डाळ मिळते असें दिसतांच आसपासच्या दुकानदारांसही आपला भाव आवरावा लागतो. अशा रीतीनें जो कधीं भांडारांत पाऊल टाकीत नाहीं, त्यालाही त्याचा लाभ पोंचतो.

तथापि यांत जोखीमही आहे. दिवाळीपर्यंत बाजारभाव ७५ रुपयांवर उतरला, तर तीच डाळ तोट्यांत विकावी लागेल. मुंबईच्या दमट पावसाळ्यांत धान्यास कीड लागण्याचें भय निराळेंच. म्हणून खरेदी करणाऱ्या समितीस बाजाराची पारख व गोदामाची काळजी ही दोन्ही हवींत. केवळ सेवाभावानें भांडार चालत नाहीं.

अशा भांडाराचें वर्षाचें एक पंचांगच असतें. उन्हाळ्यांत वर्षाचे गहूं-तांदूळ, मसाल्याची मिरची, हळद, धणे. जूनमध्यें वह्या व छत्र्या. श्रावणांत उपासाचे जिन्नस. गणपतीस कोंकणांत जाणाऱ्या चाकरमान्यांसाठीं साखर, चहापूड, तेल, कापूर, उदबत्ती. दिवाळीस रवा, मैदा, बेसन, पोहे, तूप. नाताळास केकचा मैदा व मनुका. संक्रांतीस तीळ व गूळ. ईदेस शेवया व खजूर. भोईवाड्यासारख्या नाना धर्मांच्या व नाना जिल्ह्यांच्या लोकवस्तींत हें पंचांग नीट पाळणें हीच शेजारधर्माची एक शिकवण आहे. कारण ज्याचा सण त्याच्या घरीं, पण त्याची तयारी सर्वांच्या दुकानांत होते.

वाढाव्याची व्यवस्था हा दुसरा मोठा भेद. व्यापाऱ्याच्या दुकानीं सवलत देऊन उरलेला नफा मालकाचा. सहकारी भांडारांत महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणें निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधींत जातो, व भागांवरील लाभांश शेंकडा १५ हून अधिक देतां येत नाहीं. समजा, एका सभासदाचा ५०० रुपयांचा भाग आहे आणि सभेनें शेंकडा १० लाभांश ठरविला. त्याला ५० रुपये मिळतील. परंतु त्यानें वर्षांत २४,००० रुपयांची खरेदी केली असेल व सभेनें खरेदीवर शेंकडा २ परतावा ठरविला, तर त्याला ४८० रुपये मिळतील. भांडवल गुंतविणाऱ्यापेक्षां खरेदी करणाऱ्याचा मान येथें मोठा, तो असा.

आतां हळदीकुंकू, गुणगौरव, पाककलेच्या स्पर्धा इत्यादि समारंभ. कोणी म्हणेल कीं हा पैशाचा अपव्यय आहे. समारंभ केवळ मिरविण्याचा असेल तर तें खरें. परंतु भांडारांत रोज येणाऱ्या स्त्रिया वार्षिक सभेस क्वचितच येतात. त्या हळदीकुंकवास येतात, आणि तांदूळ जुना निघत नाहीं, तेलाचा डबा गळका होता, तूरडाळ शिजत नाहीं, या गोष्टी तेथें मोकळेपणें बोलतात. व्यवस्थापकानें कान उघडे ठेविले तर त्या एका संध्याकाळीं त्याला जें कळतें तें वर्षाच्या अहवालांत सांपडत नाहीं. शिवाय अशा प्रसंगीं घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रियांचा माल मांडतां येतो. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यांतूनच लिज्जत पापडाचा देशभर पसरलेला उद्योग उभा राहिला. गिरणगांवांत खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांसाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. सावकाराच्या व वाण्याच्या उधारींतून त्यांची सुटका करण्यासाठीं बँकेचें कर्ज मिळवून देणें हें त्याचें आरंभींचें कार्य होतें.

उधारीचा प्रश्न असा सर्वत्र आडवा येतो. भांडार रोखीनें चालतें, आणि ज्याच्याजवळ रोकड नाहीं तोच सर्वांत गरजू असतो. यास उपाय म्हणून भिशी उपयोगी पडते. दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवावी व सणाच्या तोंडीं तिचें सामान घ्यावें. दहा महिने २०० रुपये ठेवल्यास दिवाळीस २,००० रुपये हातीं येतात व उधारीचें तोंड पाहावें लागत नाहीं.

भांडारें कशानें खचतात हेंही सांगितलें पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. पुष्कळांस पुन्हां काम मिळालें नाहीं, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि ज्या पगारावर या वस्तींतील प्रत्येक दुकान उभें होतें तो पगारच नाहींसा झाला. पुढें गिरण्यांच्या कांहीं जागांवर झगमगीत बाजार उभे राहिले, व त्यांच्या विक्रीच्या जाहिरातींपुढें भांडाराची साधी पाटी फिकी दिसूं लागली. दुसरा धोका आंतला आहे. दिल्लींत १९६६ सालीं सुरू झालेलें सुपर बाजार सहकारी म्हणवीत असे, परंतु त्यावर सरकारी अधिकाऱ्यांचाच पगडा राहिला. तें तोट्यांत गेलें व अखेर बंद पडलें. जें दुकान आपलें आहे असें सभासदास वाटत नाहीं, तें वांचविण्यास तो धांवून येत नाहीं. बाहेरचा स्पर्धक दुकानाचें गिऱ्हाईक नेतो. सभासदाची उदासीनता दुकानाचा धनीच नेते.

आमच्या विद्यार्थी वाचकांनीं घरच्यांसह सणाच्या खरेदीस जातांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, एका वस्तूची सवलत पाहून भुलूं नये. पुडक्यावरील वजन वाचून किलोचा भाव काढावा आणि सबंध यादीची बेरीज करून दोन दुकानांची तुलना करावी. हें अंकगणित शाळेंत शिकविलेलेंच आहे. दुसरी, घरांतील कोणी भांडाराचें सभासद असेल तर वार्षिक सभेची सूचना आली कीं नाहीं व सभेस कोणी गेलें कीं नाहीं, हें विचारावें. तिसरी, माल वाईट निघाल्यास घरीं कुरकुर करीत न बसतां पावतीसह तो परत न्यावा आणि तक्रार लेखी द्यावी. व्यापाऱ्याच्या दुकानीं तक्रार म्हणजे भांडण. सहकारी भांडारांत ती धन्याची सूचना असते.

ज्यांनीं १९४८ सालीं नायगांवांत दुकान काढलें ते धनिक नव्हते, आणि त्यांपैकीं बहुतेकांस फारसें शालेय शिक्षणही मिळालें नसेल. एकत्र पैसे ठेवणें, एकत्र खरेदी करणें व हिशेब सर्वांपुढें वाचणें एवढ्या तीन गोष्टी त्यांनीं केल्या. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनीं जरी पुढील सणाच्या खरेदीच्या वेळीं आपल्या वस्तींतील भांडाराचा अहवाल मागून वाचला, तरी प्रस्तुत लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.