डिस्नेचं हिरवं पान

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये दुपारी बाराएकच्या सुमाराला दोन वास दरवळत असतात, एक लोणी घातलेल्या पॉपकॉर्नचा आणि दुसरा भाजलेल्या टर्कीच्या तंगडीचा. जुलैचं ऊन, पायात गोळे, आणि समोरच्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ हातभर तंगडी तब्येतीत सोलत बसलेले. सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि विचारलं, "अगं, इथे आपल्यासाठी आहे तरी काय?"

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आईवडलांना एकदा डिस्ने दाखवायचंच, हा आता रिवाज झाला आहे. जेवणाचा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने पडतो. गोम अशी की 'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथल्या आणि आपल्या माणसाच्या तोंडी सारखा असला, तरी त्याचा अर्थ सारखा नसतो. तिथे अंडं व्हेजिटेरियनमध्ये बसतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका हवा असेल तर अंडं चालत नाही, तसा नियमच आहे. काउंटरवरचा पोरगा 'यात मटण-चिकन नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो. पण भात चिकनच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, मार्शमेलोत जिलेटिन असतं. खऱ्या पार्मेजान चीजला तर वासराच्या जठरातलं रेनेट लागतंच.

फ्रेंच फ्राइजचंही तसंच. मॅकडोनाल्ड्सने 1990 मध्ये अमेरिकेत फ्राइज वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे कळलं की चवीसाठी त्यात गोमांसाचा अर्क होताच. खटले झाले आणि 2002 मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देऊ केले. त्यातला काही भाग हिंदू संस्थांना मिळाला. तेव्हापासून अमेरिकेतला भारतीय माणूस बटाट्याकडेही संशयाने पाहतो, आणि मला त्यात त्याची चूक वाटत नाही.

2019 मध्ये डिस्नेने आपल्या अमेरिकन पार्कांतल्या मेनूंवर एक छोटं हिरवं पान छापायचं ठरवलं. हे पान असेल त्या पदार्थात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मधही नाही. हे केलं व्हीगन मंडळींसाठी. आपण कुणाच्या डोक्यातही नसू. पण सोय झाली ती आपली. अंड्याबद्दल, चिकनच्या पाण्याबद्दल, चरबीबद्दल जे पाच प्रश्न विचारावे लागायचे, त्यांचं उत्तर त्या एका पानात आलं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मेनू उघडायचा आणि पान शोधायचं. मराठीत जेवणाच्या ताटालाही पानच म्हणतात, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

पान पदार्थात काय आहे ते सांगतं. तो कुठल्या तव्यावर भाजला, कुठल्या तेलात तळला याची हमी त्यात धरू नये. कढई वेगळी आहे का, हे विचारावंच लागतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी 'आमच्यात चालत नाही' असं सांगण्यापेक्षा अ‍ॅलर्जीचा तक्ता मागून थेट जिन्नसांविषयी विचारावं. तिथलं स्वयंपाकघर ती भाषा चटकन समजतं.

आता खरी अडचण. पानवाला पदार्थ म्हणजे बऱ्याचदा मांसासारखा दिसणारा बर्गर. सासूबाईंपुढे तो ठेवला. त्यांनी पाव उचकटून आतली तांबूस चकती पाहिली आणि झाकून टाकली. "शाकाहारी आहे हो आई, सोयाबीनचं आहे." "असेल. पण तसंच दिसायला कशाला हवंय?" मी निरुत्तर झाले. मांस सोडलेल्या माणसाला मांसाची आठवण हवी असते. ज्याने ते कधी तोंडात घातलं नाही, त्याला त्या आठवणीचं करायचं काय? त्यापेक्षा अ‍ॅनिमल किंगडम या पार्कातल्या सातूली कँटीनची टोफू-भाताची वाटी बरी. निदान ती कुणाची नक्कल करत नाही.

त्या दुपारी त्यांचं पोट भरलं ते डोल व्हिपवर. अननसाचं हे मऊ, गार आइस्क्रीम 1984 पासून मॅजिक किंगडम या पार्कात मिळतं, आणि नुसतं अननसाचं घेतलं तर त्यात दूधही नसतं. ते एकादशीला चालेल का, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

पण सगळ्यात चांगलं जेवण मिळतं ते पार्कच्या बाहेर. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेजमध्ये 'साना' नावाचं रेस्टॉरंट आहे. स्वाहिलीत साना म्हणजे कला. चपाती, पिलाव, सांबुसा हे शब्द हिंदी महासागर ओलांडून स्वाहिलीत कधीच मुरलेत. त्यामुळे आफ्रिकी-भारतीय स्वयंपाकाची ही जोडी मला ओढूनताणून केलेली वाटत नाही. इथली 'ब्रेड सर्व्हिस' मागवावी. नान, कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि सोबत नऊ वाट्या: काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं आणि आणखी काय काय. आंब्याची चटणी मुरांब्याकडे झुकते, पण लसणाचं लोणचं मात्र झणझणीत. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. सासूबाईंनी कुलच्याचा तुकडा चटणीत बुडवला, जिराफाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तोही शाकाहारीच की!"

इतर देशांत हे इतकं सोपं नाही. तोक्योच्या डिस्नेलँडमध्ये सुपापासून सॉसपर्यंत सुकवलेल्या माशाचा 'दाशी' नावाचा अर्क मुरलेला असतो. तिथल्या माणसाला तो मासा वाटतच नाही, नुसती चव वाटते. तिथे बाहेरचा डबाही आत नेता येत नाही. प्रवेशद्वाराबाहेरच्या सहलीच्या जागेत बसून खावा लागतो. हाँगकाँगच्या पार्कात हलाल रसोई आहे आणि तिथे भारतीय चवीचं जेवण मिळतं, पण हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, तेव्हा विचारून घ्यावं.

ऑर्लँडोला जाणार असाल तर सानाचं टेबल आधी राखून ठेवा. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. आणि थेपले, दशम्या, चिवडा बिनधास्त बरोबर न्या. गरम करावं न लागणारं घरचं खाणं तिथे आत नेऊ देतात. फक्त काचेची भांडी चालत नाहीत, तेव्हा लोणचं बरणीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरा.