घड्याळ आणि पेस

अमेरिकेतल्या रेसच्या अभ्यासाला 1975 साली मोठं वळण मिळालं. अँड्र्यू बायर यांचं ‘पिकिंग विनर्स’ हे पुस्तक आलं, आणि वंशावळ, वजन, तबेल्यातली कुजबुज यांच्या जोडीला सामान्य रेसप्रेमीच्या हाती भरवशाचा आकडा आला. समजा, घोड्याने सहा फर्लांग 1 मिनिट 11 सेकंदांत काटले. पण त्या दिवशी ट्रॅक जड होता आणि सगळेच घोडे सेकंदभर मागे पडत होते. मग ही धाव 1 मिनिट 10 सेकंदांच्या तोडीची. ट्रॅकचा असा फरक काढून जो उरतो, तो स्पीड फिगर.

पुढची काही वर्षं हे आकडे ज्याने घरी बसून चिकाटीने काढले, त्याला त्यांचं मोल मिळालं. 1992 पासून ते ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये छापून येऊ लागले. मग तेच आकडे सगळ्यांनाच दिसू लागले, आणि टोटवर भाव तर लोकांनी लावलेल्या पैशानेच ठरतो. सगळे एकाच घोड्यावर तुटून पडले, की तो जिंकूनही हाती फारसं लागत नाही.

त्यामुळे पेसचं, म्हणजे शर्यतीच्या टप्प्याटप्प्याला घोडे किती वेगाने धावतात याचं, महत्त्व वाढलं. विल्यम क्विरिन यांनी 1979 मध्ये आणि टॉम ब्रोहॅमर यांनी 1991 मध्ये ती वाट दाखवलीच होती. केंटकी डर्बीच्या दोन शर्यती शेजारी ठेवल्या, की पेसचं मर्म कळतं. 2001 मध्ये पुढच्या घोड्याने पहिला अर्धा मैल 44.86 सेकंदांत काढला आणि तो दमला. मागून आलेला मोनार्कोस जिंकला. 2002 मध्ये तोच टप्पा 47.04 सेकंदांत पार झाला. आघाडीवरचा वॉर एम्ब्लेम कुणाला सापडलाच नाही. आधीच्या शर्यतीतला त्याचा 112 हा आकडा सर्वांसमोर होता, तरी भाव वीसला एकच्या आसपास! त्या आधीच्या शर्यतीत त्याला आघाडी फुकट मिळाली, असं म्हणून लोकांनी तो आकडा झटकला. डर्बीतही ती मिळू शकेल, हे पेस वाचणाऱ्याला दिसत होतं.

2022 च्या डर्बीत पुन्हा सुरुवातीला जीवघेणी घाई झाली आणि ऐंशीला एक भावाचा रिच स्ट्राइक पार मागून येऊन जिंकला.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय: फिगर घोड्याची कुवत सांगतो; ती कुवत आज वापरता येईल का, हे पेस सांगतो. एकाच आकड्यावर विसंबणं म्हणजे अर्धाच फॉर्म वाचणं.